१८४४६७४४०७३७०९५५१६१५: ही संख्या आली कुठून आणि तिच्यात आहे काय?

प्रश्न थोडक्यात असा: गोदामातल्या साठ्याचा हिशेब ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका मालाची शिल्लक शून्य असताना चुकून आणखी एक नग वजा झाला आणि पडद्यावर शिल्लक दिसली १८४४६७४४०७३७०९५५१६१५. ही संख्या कुठून आली? ती मूळ संख्या आहे का? गणिताच्या दृष्टीने तिच्यात काही खास आहे, की ती नुसतीच मोठी आहे?

कुठून आली, ते आधी सांगतो. तुम्हाला दिसली ती −१ आहे.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्याही एका गिऱ्हाइकाच्या गोदामात हाच प्रकार झाला होता. रद्द झालेली पावती दोनदा वजा झाली, आणि सकाळी सकाळी तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला: "साहेब, एवढी पोती ठेवायची कुठे?" मी आकडा विचारला. त्यांनी "एक, आठ, चार, चार, सहा..." म्हणायला सुरुवात केली आणि पाचव्या अंकाला मी म्हटलं, पुरे, कळलं. या धंद्यात काही वर्षं काढली की १८४४६ ने सुरू होणारी वीस आकडी संख्या ओळखीच्या माणसासारखी लांबूनच कळते.

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा आठवा. सगळी शून्यं असताना चाक एक घर मागे फिरवलं तर तिथे ९९९९९९ येतं, कारण त्या चकत्यांना ऋण चिन्ह माहीतच नसतं. तुमची शिल्लक ज्या अनसाइन्ड चलात (म्हणजे ऋण संख्या न मानणाऱ्या खणात) आहे, त्यात ६४ चकत्या आहेत आणि प्रत्येकीवर दोनच अंक आहेत, ० आणि १. सगळी शून्यं असताना एक घर मागे गेलात की ६४ च्या ६४ ठिकाणी १ येतो. द्विमान पद्धतीत सलग ६४ वेळा लिहिलेला १, म्हणजेच २ च्या ६४ व्या घातातून १ वजा. पुढे मी घात २^६४ असा लिहीन आणि आपल्या संख्येला 'न' म्हणेन. न = २^६४ − १.

याच संख्येची दुसरी ओळख बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची आहे. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं करत ६४ घरं भरली की एकूण दाणे बरोबर न होतात. फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुकास याने १८८३ मध्ये 'हनोईचा मनोरा' हे कोडं काढलं आणि त्याला काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची गोष्ट जोडली. त्या चकत्या हलवायला लागणाऱ्या खेळ्याही न इतक्याच. सेकंदाला एक खेळी धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास मानतात, त्याच्या बेचाळीस पट.

संख्या वाचायची कशी, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला तो आवडतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं-दहंपासून अठरा स्थानांची नावं आहेत आणि ती परार्धाला, म्हणजे १०^१७ ला, संपतात. आपल्या संख्येला वीस अंक आहेत, म्हणजे यादी दोन घरं कमी पडते. तेव्हा '१८४ परार्ध आणि वर काही' म्हणायचं. बाजारी भाषेत १,८४,४६७ कोटी कोटी, ४४,०७,३७० कोटी, ९५ लाख ५१ हजार ६१५. कोटी-कोटी म्हणायला जीभ अडखळते, पण हिशेब चोख आहे.

आता मूळ संख्या आहे का? नाही, आणि ते कळायला संगणक लागत नाही. शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे ५ ने भाग गेला. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणजे ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही. पण असा एकेक अवयव काढत बसायची गरज नाही. आठवीच्या बीजगणितातलं सूत्र घ्या: अ^२ − ब^२ = (अ + ब)(अ − ब). २^६४ हा २^३२ चा वर्ग आहे आणि १ हा १ चाच वर्ग, म्हणून

न = (२^३२ + १)(२^३२ − १).

दुसऱ्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लावा, त्यातून निघालेल्याला पुन्हा. ६४ हा घातांक स्वतःच २ चा घात असल्यामुळे हे कुठेही अडत नाही, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं शेवटपर्यंत सुटत जातं:

न = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

वीस आकडी संख्या सहा तुकड्यांत फुटली आणि आपण अजून एकही भागाकार केलेला नाही.

हे सहा तुकडे म्हणजे फर्माच्या संख्या. १६४० च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ फर्माला वाटलं होतं की २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १ अशा तऱ्हेच्या सगळ्याच संख्या मूळ असतात. पहिल्या पाच खरोखरच आहेत. सहावी ४२९४९६७२९७. ती १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने फोडली: ६४१ × ६७००४१७. ऑयलर काही ३, ७, ११ करत ६४१ पर्यंत पोचला नव्हता. या संख्येला मूळ अवयव असलाच तर त्याला ६४ ने भागून बाकी १ उरली पाहिजे, हे त्याने दाखवलं. म्हणजे पाहायच्या मूळ संख्या उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या फेरीत काम फत्ते. पुढे लुकासने ही अट ६४ वरून १२८ वर नेली. मग ६४१ च्या आधी एकटी २५७ उरते, आणि तीही तपासावी लागत नाही, कारण फर्माच्या कोणत्याही दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता दाखवता येतं. मला हा युक्तिवाद इतका आवडतो की कुणी विचारलं नाही तरी मी तो सांगतो. ६४१ दोन प्रकारे लिहा:

६४१ = ५ × १२८ + १, म्हणजेच ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६, म्हणजेच ५^४ + २^४

६४१ ने भागल्यावरच्या बाक्यांच्या हिशेबात पहिली ओळ सांगते की ५ × २^७ आणि −१ एकच. दोन्हींचा चौथा घात करा: ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसरी ओळ सांगते की ५^४ च्या जागी −२^४ लिहिता येतं. ते लिहा: −२^४ × २^२८ = १, म्हणजे −२^३२ = १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर मावणारं काम आहे, जरूर करून बघा.

राहिला ६७००४१७. तो मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे आहे. १२८ ने भागून बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्या तिथपर्यंत पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद. उरलेल्या चौघांनी भागून बाक्या येतात ४४, १२०, ३३४ आणि ६२२. कुणीच निःशेष भागत नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ. सात आकडी संख्या चार भागाकारांत मूळ ठरवायची संधी रोज मिळत नाही.

तर पूर्ण फोड अशी:

न = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७.

सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच आलेला. त्यामुळे विभाजक २^७ = १२८. विभाजकांची बेरीज संख्येच्या १.७०३ पट भरते, म्हणजे परिपूर्ण संख्येला लागणाऱ्या दुपटीला ती कमी पडते. सहमूळ संख्यांची, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या संख्यांची, गंमत जास्त आहे. फर्माच्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार २^३२ − १ होतो. त्याच्याहून लहान आणि त्याच्याशी सहमूळ अशा संख्या किती? प्रत्येक अवयवातून १ वजा करून गुणायचं: २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६. सगळेच २ चे घात. घातांकांची बेरीज १ + २ + ४ + ८ + १६ = ३१, म्हणून उत्तर नेमकं २^३१. विद्यार्थ्यांकडून हे मी नेहमी हाताने करून घेतो, कारण एवढं सफाईदार उत्तर आलं की आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटतं.

प्रोग्रॅमरच्या रोजच्या कामात हे अवयव कुठे भेटतात, तेही सांगतो. न ला ३ ने भागा, ६१४८९१४६९१२३६५१७२०५ येतं. दशमान पद्धतीत यात काही दिसत नाही, द्विमानात लिहिलं की ०१०१०१०१... अशी रांगोळी निघते. ५ ने भागलं तर ००११००११..., १७ ने भागलं तर ००००११११.... यंत्रातल्या एखाद्या ६४ बिटांच्या (म्हणजे ६४ द्विमान अंकांच्या) संख्येत १ असलेले बिट किती, हे मोजण्याच्या जुन्या युक्तीत वापरतात ते तीन मुखवटे (मास्क) हेच. माझ्या ओळखीचे कित्येक लोक ते पाठ करून वापरतात, पण ते न चे भागाकार आहेत हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. ऑयलरची फोडही कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटात आहे. ६४१ × ६७००४१७ हा गुणाकार २^३२ हून फक्त १ ने जास्त आहे. म्हणून ३२ बिटांच्या अनसाइन्ड संख्येला ६४१ ने भागायचं असेल तर भागाकार न करता ६७००४१७ ने गुणायचं आणि खालचे ३२ बिट टाकून द्यायचे. प्रत्येक संख्येला बरोबर उत्तर येतं. ६४१ ने भागायची वेळ कुणावर येते, हा वेगळा प्रश्न.

आता मेरुप्रस्तार. पिंगलाच्या छंदशास्त्रावर हलायुधाने दहाव्या शतकात जी टीका लिहिली, तिच्यात येणारा हा त्रिकोण. शाळेत आपण त्याला पास्कलचा म्हणतो. वरून खाली येताना विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. १ ४ ६ ४ १ ही ओळ १०००१ होते, म्हणजे १७. ओळीने आकडे येतात १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... बत्तिसाव्या ओळीत २^३२ − १ आणि चौसष्टाव्या ओळीत, सगळे एकच एक, आपला न. अधल्यामधल्या सगळ्या ओळी न च्या विभाजक आहेत. त्याचे १२८ विभाजक म्हणालो ना, त्यातले निम्मे, ६४, या त्रिकोणात आयते लिहून ठेवलेले आहेत. उरलेले ६४ म्हणजे ज्यांत ६४१ आणि ६७००४१७ या जोडीतला एकटाच अवयव येतो.

जर्मन गणितज्ञ गाउसने १७९६ मध्ये, वयाची एकोणीस वर्षं पुरी व्हायच्या आत, पट्टी आणि कंपासने १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते हे सिद्ध केलं. कोणत्या आकृत्या काढता येतात आणि कोणत्या नाही, याची सिद्धता १८३७ मध्ये वांत्झेलने पुरी केली. विषम बाजूंच्या ज्या आकृत्या काढता येतात असं आज माहीत आहे त्या ३१ आहेत, आणि ती यादी म्हणजे वरच्या त्रिकोणाची दुसरी ते बत्तिसावी ओळ, एकही कमी-जास्त नाही. तेहतिसाव्या ओळीत ४२९४९६७२९७ येतो आणि तिथे ६४१ आडवा पडतो. म्हणून ४२९४९६७२९५ बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते, पण न बाजूंची येत नाही.

आणि आता देवळालीचे कापरेकर मास्तर. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत. ६१७४ साठी त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्या नावाची संख्यांची एक जातही आहे. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे पाडायचे आणि तुकड्यांची बेरीज करायची. मूळची संख्या परत आली तर ती कापरेकर संख्या. ९ चा वर्ग ८१, ८ + १ = ९. ९९ चा वर्ग ९८०१, ९८ + ०१ = ९९. दशमानात नुसत्या ९ च्या रांगा हे करतात, तसं द्विमानात नुसत्या १ च्या रांगा करतात. २५५ घ्या: वर्ग ६५०२५, आणि तो आहे २५४ × २५६ + १. आठ-आठ बिटांचे तुकडे २५४ आणि १, बेरीज २५५. न चं असंच:

न × न = (२^६४ − २) × २^६४ + १.

वरचा तुकडा न − १, खालचा १, बेरीज न. म्हणजे तुमच्या गोदामात जी शिल्लक दिसली ती द्विमान पद्धतीतली कापरेकर संख्या आहे. हे यंत्रातही बघता येतं. न ला न ने गुणा, वरचे ६४ बिट जागेअभावी गळून पडतात आणि हातात १ उरतो. सुरुवातीला म्हटलं ती −१ इथे पुन्हा दिसते: −१ ला −१ ने गुणलं, १ आला.

शेजाऱ्यांची नावं घेतल्याशिवाय राहवत नाही. न च्या पुढची संख्या २^६४, तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. तिच्या पुढची २^६४ + १ मात्र खट आहे. तिला अ^२ − ब^२ लावता येत नाही, आणि तिची फोड २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ ही १८८० मध्ये लांद्रीने प्रसिद्ध केली तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता. क्लाउझेनने ती १८५५ मध्येच एका पत्रात लिहिली होती, पण ते बऱ्याच उशिरा उजेडात आलं. न च्या खाली उतरत गेलात तर पहिली मूळ संख्या १८४४६७४४०७३७०९५५१५५७ भेटते, म्हणजे २^६४ − ५९. ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी मूळ संख्या हवी असेल तर हीच घ्या.

हे सगळं स्वतः पडताळताना एक काळजी घ्या. न एक्सेलमध्ये टाइप करू नका. एक्सेल पंधरा अंक धरतं आणि पुढे शून्यं भरतं, म्हणजे हाती राहतात १८४४६७४४०७३७०९५०००००. जावास्क्रिप्टमधला साधा नंबर त्याचं १८४४६७४४०७३७०९५५२००० करून दाखवतो, आणि आत खरं तर २^६४ ठेवतो. म्हणजे संख्या विषमसुद्धा राहत नाही, आणि तुम्ही ३ ने भाग जातो का ते तपासत बसता. पायथन वापरा, त्याला अंकांची मर्यादा नाही. त्याच्या इंट फंक्शनला देवनागरी अंकांतली ही संख्या मजकूर म्हणून दिली तरी तो बिनतक्रार वाचतो.

राहिली तुमची चूक. 'शिल्लक − १ शून्याहून लहान आहे का' अशी तपासणी घातली असेल तर ती काढून टाका. अनसाइन्ड चलात काहीच शून्याहून लहान नसतं, त्यामुळे ती तपासणी कधीच लागू होणार नाही. वजा करण्याआधी शिल्लक किमान १ आहे का ते बघा. बिघडलेली नोंद अजून प्रोग्रॅमच्या ६४ बिटांतच असेल तर तिच्यात १ मिळवा, शून्य परत येईल. मायएसक्यूएलच्या अनसाइन्ड बिगइंट रकान्यात जाऊन बसली असेल तर तिथे न ही कमाल मर्यादाच आहे. डेटाबेस १ मिळवू देणार नाही, चूक दाखवेल. मग ती नोंद हाताने शून्य करा, आणि त्या दिवशीची रद्द पावती दोनदा वजा झाली नव्हती ना, तेही बघून घ्या.